पंडिता रमाबाई : दुष्काळातून केडगावपर्यंत



पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या पिढीने शाळेत ऐकले आहे. आर्य महिला समाज, शारदा सदन, स्त्रीशिक्षण एवढे पाठ करून आपण पुढच्या धड्याकडे वळलो. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला हे वाक्य धड्यात कधी असायचे, कधी नसायचे. असले तरी गुरुजी तिथे फारसे रेंगाळत नसत. मला मात्र वाटते की त्या एका वाक्यापाशी थांबल्याशिवाय बाईंचे आयुष्य उलगडत नाही. आपल्या गुजरातशीही त्यांचा एक जुना संबंध आहे. तो ओघात पुढे येईलच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडचे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातली स्त्री संस्कृत शिकते आहे हे त्यांनी पाहिले आणि ते त्यांच्या मनात रुतून बसले. पुढे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले. बाईमाणसाला देववाणी शिकवतो म्हणून आप्तांनी आणि शास्त्रीमंडळींनी इतका त्रास दिला, की शास्त्रीबोवांनी गाव सोडले आणि सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. रमाबाई जन्मल्या त्या रानात. विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, सगळ्यांना जेवू घालायचे. त्या आतिथ्यात घरची शेती आणि पैसा संपला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावर दिले होते. ती यात्रा पुढची कितीतरी वर्षे संपलीच नाही.

देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगायचे, जे दान मिळेल त्यावर निर्वाह करायचा आणि पुढच्या क्षेत्री निघायचे, असे हे घर. आईने पहाटे उठवून मुलीला पाठ द्यायचे. बारा वर्षांची होईतो रमेला भागवताचे १८,००० श्लोक मुखोद्गत झाले होते. मुलीचे लग्न मात्र शास्त्रीबोवांनी केले नाही. थोरल्या मुलीच्या लग्नाचा अनुभव कडू होता, तो पुन्हा नको म्हणून. त्या काळी ही गोष्ट केवढी धाडसाची होती हे आज सांगूनही कळणार नाही.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमाराची ही गोष्ट. शास्त्रीबोवा म्हातारे झाले होते, दृष्टी गेली होती. पुराण ऐकायला कोण येणार? लोकांच्याच घरात दाणा नव्हता. घरातले होते नव्हते ते या माणसांनी आधी देवापुढे आणि ब्राह्मणांपुढे ठेवले. अनुष्ठाने केली, उपवास केले, संकट टळेल या श्रद्धेने दाने दिली. नंतर दागिने गेले, भांडी गेली, चांगली वस्त्रे गेली. शेवटी तिरुपतीकडच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. शास्त्रीबोवांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. सर्वांचा निरोपही झाला. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, की ब्राह्मणपणाचा मान बाजूला ठेवून मी मोलमजुरी करीन, पण असे काही करू नका. तो बेत राहिला. शास्त्रीबोवा फार दिवस काढू शकले नाहीत ते नाहीतच.

काही आठवड्यांतच आईने अंथरूण धरले. आईसाठी शिळी बाजरीची भाकर मागायला रमा शेजारच्या ब्राह्मणांच्या दारी गेली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. पुराण सांगणाऱ्यांची मुलगी ती. आजवर दान घेतले होते ते मानाने घेतले होते, भीक कधी मागितली नव्हती. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसे मिळाली नाहीत. दोन ब्राह्मण आले, तिसरा श्रीनिवास. चौथी बाजू रमेने उचलली. उंची कमी असल्यामुळे तिला तिरडी खांद्यावर घेता येईना, म्हणून डोक्यावर घ्यावी लागली. स्मशान तीन मैलांवर होते. त्यानंतर थोरली बहीणही गेली. सोळा-सतरा वर्षांच्या वयात हे सर्व.

उरलेली दोघे भावंडे चालत राहिली. दक्षिणेतून थेट पंजाब-काश्मीरपर्यंत. हजारो मैलांची ती पायपीट. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यात निजली आणि डोके तेवढे उघडे ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. आईवडिलांनी नेम सोडले नव्हते, देवाला काही कमी केले नव्हते, तरी हे का, हा प्रश्न त्या वाटेवर दोघांच्याही मनात आला आणि त्याला उत्तर सापडले नाही. रमाबाईंचा जुना विश्वास गेला तो कुणा मिशनऱ्याच्या व्याख्यानाने गेला नाही. तो पायी चालता चालता गळून गेला. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे समजायला सोपे जाते.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची, अविवाहित, अस्खलित संस्कृत बोलणारी मराठी मुलगी पाहून तिथले विद्वान थक्क झाले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला दिला. धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायची संधी मिळाली ती इथेच, आणि वाचता वाचता रमाबाईंच्या लक्षात आले की इतर शंभर गोष्टींत ग्रंथांचे एकमेकांशी पटत नसले तरी स्त्रीला कमी लेखण्यात सगळ्यांचे एकमत आहे.

मे १८८० मध्ये डाक्क्याला श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी भावाचे मित्र बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते बंगाली, वकील, जातीने ब्राह्मण नव्हेत. आसामातल्या सिलचरला संसार थाटला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. मला वाटते बाईंच्या सबंध आयुष्यात घर म्हणावे असे घर हेच एक. सिलचरच्या त्या घरातच त्यांना बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले आणि त्या ते आवडीने वाचू लागल्या. एक मिशनरी घरी येऊन बायबल समजावून सांगू लागला, तेव्हा पतीला ते रुचले नाही. पुढे काय झाले असते कोण जाणे. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने गेले. लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. चोविसाव्या वर्षी पदरात दहा महिन्यांची मुलगी घेऊन रमाबाई विधवा झाल्या. माहेर केव्हाच संपले होते. आता सासरही उरले नाही.

त्या पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर प्रभृतींनी स्वागत केले. रमाबाई रानड्यांशी मैत्री जडली. आर्य महिला समाज निघाला, हंटर कमिशनपुढे साक्ष झाली, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक निघाले. साक्षीत त्यांनी स्त्री शिक्षिका, स्त्री तपासनीस आणि स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली होती. हा भाग आपण शाळेत शिकलोच आहोत, म्हणून पुढे जातो. एक गोष्ट तेवढी सांगतो. वैद्यकी शिकण्यासाठी विलायतेला जायचे ठरले, त्या प्रवासाचे भाडे स्त्रीधर्मनीतीच्या विक्रीतून उभे राहिले. सारी हयात कर्जाच्या अर्जांवर सह्या करण्यात गेल्यामुळे असेल, पण ज्या बाईला कुणी जामीन राहणारे नव्हते तिने पुस्तक लिहून बोटीचे भाडे कमावले, याचे मला फार अप्रूप वाटते.

१८८३ च्या वसंतात त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावी सेंट मेरी पंथाच्या जोगिणींकडे उतरल्या. निघताना त्यांनी पुण्यात सांगितले होते की आपण धर्म बदलणार नाही. सहा महिन्यांच्या आत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात संतापाची लाट उसळली. महात्मा फुल्यांसारख्या अगदी थोड्यांनी त्यांची बाजू घेतली.

असे का झाले? तो काळ फार अंधारा होता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने वाँटेजलाच स्वतःचा जीव घेतला होता. अशा मनःस्थितीत घेतलेला निर्णय म्हणून पुष्कळांनी तो बाजूला सारला आहे. नीलकंठशास्त्री गोरे या काशीच्या पंडिताच्या पत्रांचाही परिणाम सांगतात. गोरे स्वतः ख्रिस्ती झालेले चित्पावन ब्राह्मण होते, तेव्हा त्यांचे बोलणे बाईंना आपल्या माणसाचे वाटले असणार. पण स्वतः रमाबाईंनी जे कारण पुढे लिहून ठेवले ते वेगळेच आहे आणि मला तेच पटते. जोगिणींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले काम दाखवायला नेले. तिथे समाजाने टाकलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या बायकांना ठेवून घेत, त्यांची सेवा करीत, त्यांना पुन्हा उभे करीत. रमाबाईंनी असे आजवर कुठे पाहिले नव्हते. शास्त्रांत पतितेला प्रायश्चित्त सापडते, ते बहुधा मरणाच्या वाटेने जाते, हे त्यांना ठाऊक होते. या बायका हे का करतात असे त्यांनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, गावाने ओवाळून टाकलेली ती बाई भर दुपारी विहिरीवर येते आणि येशू तिच्याजवळ पाणी मागतो. शेजारच्या दारी भाकरीसाठी तोंड उघडत नसलेल्या मुलीला ती कथा कशी ऐकू आली असेल, याची मी माझ्या परीने कल्पना करतो.

बाप्तिस्मा झाला म्हणजे मन भरले असे झाले नाही. बाई पंडिता होत्या, मुकाट्याने काही मान्य करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. सिस्टर जेराल्डाइन या त्यांच्या धर्ममातेशी वर्षानुवर्षे पत्रांतून वाद चालला. त्रैक्याचे तत्त्व पटत नव्हते ते नाही म्हणून सांगितले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. मांसाहार त्यांनी अखेरपर्यंत केला नाही. इंग्रज मंडळींना नम्र शिष्या हवी होती, आणि वाँटेजला आली होती अनंतशास्त्र्यांची मुलगी! ऐकायला कमी येऊ लागल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील या प्राचार्यांच्या आधाराने त्या शिकल्या आणि तिथे संस्कृतही शिकवीत राहिल्या.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या रमाबाईंच्या नात्यातल्या. त्यांच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक राहिल्या. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव भाषणे केली. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा पुरवायचा आणि शाळेत कुठल्याही धर्माची सक्ती करायची नाही, अशा अटी ठरल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. नावच सरस्वतीचे. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला, त्याच पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. हिंगण्याच्या संस्थेमागे शारदा सदनातली ही एक मुलगी होती हे विसरू नये. १८९० मध्ये सदन पुण्याला आले. ब्राह्मण मुलींचा स्वयंपाक, सोवळे, पूजाअर्चा यांना मुभा होती. रमाबाई स्वतःची प्रार्थना आपल्या खोलीत करीत, पण दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या.

इथून १८९३ चे वादळ उठले. केसरीने कडक टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पंचवीसेक मुली पालकांनी काढून नेल्या. पुढच्या काही वर्षांत सदनातल्या काही विधवांनी बाप्तिस्मा घेतलाही. या वादात कोण बरोबर यावर आजही दोन मते निघतात, आपल्या मंडळातही निघतील. माझे मत विचाराल तर अटीचे शब्द मोडले नव्हते, कारण सक्ती झालीच नव्हती. पण ज्या पालकांनी शेजाऱ्यांचे बोलणे सोसून मुली पाठवल्या होत्या त्यांना फसल्यासारखे वाटले, यात त्यांचेही काही चुकले नाही. उघडे दार हेही एक आमंत्रणच असते. बाईंच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की आपल्या देवाची प्रार्थना चोरून करायची अपेक्षा आपण दुसऱ्या कुणाकडून केली नसती.

याच सुमारास, १८९१ च्या आसपास, त्यांच्या आत काही बदलले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेली होती. आपल्याला धर्म मिळाला, पण ज्याच्यासाठी तो घेतला तो ख्रिस्त अजून भेटलेला नाही, असे त्यांना जाणवू लागले. वाद करून, ग्रंथ वाचून, कामात बुडवून घेऊनही जी रिकामी जागा भरत नव्हती, ती आपण आहोत तसे देवाच्या हाती देऊन टाकल्यावर भरली, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. हा अनुभव बाहेरून मोजता येत नाही. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे त्यावर अधिकाराने बोलणार नाही. पण त्यानंतरचे त्यांचे जे काम आहे ते मोजता येते, तेव्हा तिकडे वळू.

बोस्टनची दहा वर्षे संपतील त्याची तजवीज बाईंनी आधीच सुरू केली होती. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगावला त्यांनी माळरान विकत घेतले. विहिरी खणायच्या, फळबाग लावायची आणि बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा हिशेब होता. झाडे लागली, वाढू लागली. एवढ्यात १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे रस्त्यावर मरत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

आता विचार करा. त्या वेळी बाईंच्या पदरी पन्नासेक मुलींचे सदन होते, पैसा मोजका होता, पुण्याची निम्मी मंडळी उलटली होती. दुसऱ्या कुणी वर्गणी पाठवून समाधान मानले असते. रमाबाई स्वतः गेल्या. मध्य प्रांतातल्या मदतछावण्या आणि अन्नछत्रे पाहिली. तिथे अनाथ मुली आणि तरुण विधवा होत्या, आणि त्यांना हेरत फिरणारे दलालही होते. भुकेल्या मुलीला एका भाकरीसाठी कुठे नेता येते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. वीस-बावीस वर्षांपूर्वी अशाच दुष्काळात त्या आणि त्यांची बहीण रानात फिरत होत्या. तो काळ आठवला आणि आपल्याला राहवले नाही, असे त्यांनी लिहिले आहे. आयुष्याचा जो तुकडा माणूस विसरायला पाहतो, त्याच तुकड्याने त्यांना वाट दाखवली. मला त्यांचे ख्रिस्ती होणे खरे समजले ते या ठिकाणी. फुलहॅमला जे पाहिले आणि विहिरीवरच्या बाईचे जे ऐकले, ते त्या आता स्वतः करीत होत्या.

पहिल्या खेपेला साठेक मुली आल्या. पुण्यात प्लेग होता, अधिकाऱ्यांनी एवढी माणसे शहरात ठेवायला मनाई केली. मग सगळ्यांना घेऊन केडगाव! इमारती नव्हत्या, तंबू आणि झोपड्या घातल्या. वर्षभरात संख्या सुमारे ३०० वर गेली. अंगावर फोड, केसांत उवा, अन्न दिसले की झडप घालायची सवय. अशा मुलींना न्हाऊमाखू घालणे, हळूहळू जेवायला शिकवणे हे काम सदनातल्या शिकलेल्या विधवांनी केले. ज्यांना घराने अशुभ ठरवले होते त्याच आता एकेकीच्या आया झाल्या. या वसाहतीला मुक्ती हे नाव मिळाले.

१८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि दहा वर्षांच्या कामाची माहिती देणगीदारांपुढे ठेवून आल्या. जुनी असोसिएशन संपली, नवी निघाली. मुदत संपल्यावर स्वतः समोर जाऊन उभे राहणारा ऋणको मी नोकरीत फार थोड्या वेळा पाहिला, आणि ही तर देणगी होती, कर्ज नव्हते.

आणि मग छप्पनियो. आपल्या बडोद्यात जुन्या गुजराती घरांतून हा शब्द अजून ऐकू येतो. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. गुरे गेली, गावे ओस पडली, मागून पटकी आली. रमाबाईंनी केडगावहून आपली माणसे गुजरातेत पाठवली आणि मुलींना रेल्वेने केडगावला आणवले. मुक्तीतली संख्या सुमारे १,९०० वर गेली. एका बाईच्या भरवशावर एवढी माणसे! कित्येक इतक्या खंगलेल्या होत्या की पोचल्यावरही वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्या मराठी लिहा-वाचायला शिकल्या. आपले पूर्वज महाराष्ट्रातून गुजरातेत आले आणि इथले झाले. त्या मुली गुजरातेतून गेल्या आणि तिकडच्या झाल्या. हा उलटा प्रवास आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगितला.

केडगावला एक गावच उभे राहिले. माग, छापखाना, तेलघाणा, गोठा, शिवणकाम, शेती. प्रत्येकीला अक्षर आणि प्रत्येकीला हाताचे काम हा नियम. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवीत. मनोरमा परदेशी शिकून परतली आणि आईचा उजवा हात झाली. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला काढलेल्या शाळेचे काम तिनेच पाहिले. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची एक मोठी लाट आली, शेकडो मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत. काही मिशनऱ्यांनाही ते पाहून अवघडल्यासारखे झाले. बाईंनी त्यांना थांबवले नाही.

आयुष्याची शेवटची पंधरा-सतरा वर्षे त्यांनी एका वेगळ्याच कामाला दिली. तेव्हाचे मराठी बायबल त्यांना जड वाटे. दुष्काळातून आलेल्या, कालपरवा अक्षरे शिकलेल्या मुलीला ते कळायचे कसे? भागवताचे १८,००० श्लोक पाठ असलेल्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि सगळे बायबल मुळातून सोप्या मराठीत उतरवायला घेतले. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होते त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द वेचून बाहेर काढले. खिळे जुळवायला, छापायला, घड्या घालायला मुक्तीतल्याच मुली.

काम संपत आले असताना, २४ जुलै १९२१ रोजी, मिरजेच्या रुग्णालयात मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. वडील, आई, बहीण, भाऊ, पती, आणि आता जिच्या हाती सगळे सोपवायचे ती मुलगी. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कान जवळजवळ गेले होते, प्रकृती खालावली होती. सोळाव्या वर्षी आईची तिरडी डोक्यावर घेऊन निघालेल्या मुलीला देवाजवळ विचारायला प्रश्न होता आणि उत्तर नव्हते. या वेळी उत्तर मिळाले होते की नाही, मी सांगू शकत नाही. त्यांनी बायबलचे काम सोडले नाही एवढे दिसते. उरलेली पाने तपासून झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्या गेल्या. छापलेला पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

मुक्ती मिशन आजही केडगावला चालू आहे आणि निराधार स्त्रिया आणि मुलींना तिथे अजून आसरा मिळतो. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने गेलात तर केडगाव स्टेशन लागते. तिथून मिशन जवळच आहे.